त्याला आत ठेवलं होतं

विश्रामबाग, सांगली
११ जून २०२४

धवल,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझ्या वकीलबाईंनी कळवलं की मी ईमेलनं पत्र पाठवलं तर त्या छापून तुझ्या हातात देतील. फोनवर तू माझ्याशी बोलणार नाहीस हेही त्यांनी कळवलं. फार सभ्य भाषेत कळवलं, पण इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या बाईला एवढं कळतं.

त्यांचा पहिला मेल कॉलेजच्या पत्त्यावर आला. स्टाफरूममध्ये बसून वाचला. तुझा भाऊ सध्या डिटेन्ड आहे, असं पहिलंच वाक्य. आमच्याकडे हजेरी कमी पडली की पोरं डिटेन होतात. नावं बोर्डावर लागतात, पालक येऊन विनवण्या करतात आणि पोरं परीक्षेला बसतात. क्षणभर मला तेच वाटलं, की तुझी तिथल्या कॉलेजातली हजेरी कमी पडली. मग पुढचं वाचलं. व्हिसा संपून गेला होता, तू एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करत होतास, तपासणीत सापडलास, आणि आता तुला ज्या ठिकाणी ठेवलंय त्याला इमिग्रेशन रिमूव्हल सेंटर म्हणतात. रिमूव्हल. डाग काढायच्या पावडरीवर असतो तो शब्द.

पुण्यातून इंग्लंडला गेलास ते तू मला सांगितलं नव्हतंस. तुझ्या मित्राकडून कळलं होतं. नंबर बदललास, तोही कळवला नाहीस. मी समजत होते, तुझं आबांशी भांडण आहे आणि त्या रागात मीही भरडली गेले.

रविवारी कुंडलला जाऊन आले. आईला सांगितलं की तुला सरकारी होस्टेलवर ठेवलंय. तिला ते पटलं, निदान तिनं पटवून घेतलं. आबांना नाही पटलं. फौजेत उभी हयात काढलेला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाच्या ताब्यात हाय?" मी म्हटलं, तिथल्या सरकारच्या. त्यावर मान हलवून ते बाहेर गेले.

वकीलबाई म्हणतात तू असायलम मागितलंयस. माझ्या जुन्या शब्दकोशात त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आश्रय आणि वेड्यांचं इस्पितळ. मला पहिल्याचीच जास्त भीती वाटली. आश्रय मागायचा तर कुणापासून तरी मागायचा. धवल, तू कुणापासून मागतोयस?

पुढच्या आठवड्यात त्या माझ्याशी व्हिडिओवर बोलणार आहेत. मी जे माहीत आहे ते सांगेन. तू जेवत जा.

तुझी
ताई


विश्रामबाग
१९ जून

धवल,

आज बोलणं झालं. आजच लिहिते, कारण उद्या मी हे सौम्य करून लिहीन.

वकीलबाई तरुण आहेत, आवाज शांत. त्यांनी सोनमपासून सुरुवात केली. मी सांगितलं, हो, मी तिला ओळखते. तू माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग करत होतास तेव्हा ती घरी यायची, मी तिला पोहे करून घातलेत. जतकडची, मेंढपाळांच्या घरातली, शिकायला इथं आलेली. मला ती आवडायची. दोन हजार वीसच्या दसऱ्याला तू तिच्याशी लग्न करायचंय हे घरी सांगायला म्हणून कुंडलला गेलास, हेही मी सांगितलं. मग काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मग त्याला कोरोना झाला.

त्या काहीतरी लिहीत होत्या, ते थांबलं.

त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ त्या काळात कन्फाइन्ड होता का? मी म्हटलं, नाही, क्वारंटाइनमध्ये होता. दोन्ही शब्द मीच नीट वेगळे करून सांगितले त्यांना, वर्गात सांगते तसे. क्वारंटाइन म्हणजे आजार पसरू नये म्हणून केलेलं विलगीकरण. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तपासणी झाली होती का? तुम्ही रिपोर्ट पाहिला होता? तुमच्याकडे क्वारंटाइनमध्ये दाराला बाहेरून कुलूप लावतात का?

मी रिपोर्ट पाहिला नव्हता. त्या दिवसांत कोण कुणाचा रिपोर्ट मागत होतं? आईनं फोनवर सांगितलं, धवलला ताप हाय, खोलीत ठेवलाय. तू येऊ नको, तुलाबी लागंल, असं तिनं बजावलं, म्हणून मी इथंच राहिले. मला ते खरं वाटलं.

मग वकीलबाई म्हणाल्या की तुझ्या जबाबात माझंही नाव आहे. तू लिहिलंयस, दाराबाहेर आईच्या फोनचा स्पीकर चालू होता आणि त्यातून तुझ्या बहिणीचा आवाज आला, त्याला आतच ठेवा, कितीही ओरडला तरी सोडू नका.

हे मी बोलले होते. शब्द न् शब्द बोलले होते. माझ्या डोळ्यापुढे तापानं बडबडणारा भाऊ होता. आईनं सांगितलं होतं की बाहेर सोडा म्हणून तू ओरडतोयस, आणि मी आईला धीर देत होते.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तू त्या खोलीत होतास आणि मी रोज संध्याकाळी फोन करून विचारत होते, उतार पडला का?

चार वर्षं तू मला त्यांच्यातली एक समजलास. मला राग आलाय, धवल, तुझाही आलाय. एकदा विचारायचं होतंस. पण ज्यानं ते आतून ऐकलं त्यानं काय विचारावं, हेही कळतंय.

शनिवारी कुंडलला जाते.

ताई


विश्रामबाग
२४ जून

धवल,

जाऊन आले. जसं झालं तसं सांगते.

आई परड्यात शेंगा निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं की धवलला कोंडलं होतं का. ती म्हणाली, "कोंडलं कुटं? घरात ठिवलं हुतं."

मी विचारलं, कुलूप होतं का? तिनं शेंगा निवडणं थांबवलं नाही. दार वाऱ्यानं वाजायचं म्हणून लावलं होतं, म्हणाली. मग आपणच म्हणाली, "किल्ली माज्याच कमरेला हुती. दोन टाइम गरम जेवान दिलंय मी त्याला. शिळं कवा दिलं न्हाई."

मग हळूहळू सगळं आलं. तू सोनमचं सांगितल्यावर आबांनी ताट सारलं. तू म्हणालास, मी उद्याच जाऊन तिला घेऊन येतो. तिकडं तिच्या घरीही कळलं होतं, आणि त्याच रात्री तिचे चुलते मोटारसायकलींवर येऊन रस्त्याला उभे राहिले. कुणी काही बोललं नाही, नुसते उभे राहिले आणि गेले. आबांना वाटत होतं पोरगं नाक कापणार. आईला वाटत होतं पोरगं जिवानिशी जाणार. दोघांची कारणं वेगळी आणि कुलूप एकच. आबांनी सांगितलं आणि आईनं लावलं. गावाला काय सांगायचं हा प्रश्न त्या साथीनं सोडवला. शेजारचे केरबाकाका रोज लांबून विचारायचे, पोरगं कसं हाय, आणि आई सांगायची, हाय आता बरं. कोरंटाइन म्हटल्यावर माणसं स्वतःहून दाराकडे फिरकत नव्हती. दिवाळी झाल्यावर, सोनमला तिच्या माणसांनी लांब नेल्याचं कळलं तेव्हा कुलूप निघालं, आणि तू कुणाशी न बोलता पुण्याला निघून गेलास.

मी त्या खोलीत गेले. आता तिथं पुन्हा खताची पोती आहेत. डोळ्यांना झोंबतं. खिडकीच्या जाळीतून थोडा ऊस दिसतो, बाकी काही नाही. मी आईला म्हटलं, जरा बाहेरून कडी लाव. तिनं नाही लावली. दोनदा सांगितलं, ती कडीकडे बघत उभी राहिली आणि मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मीच दार आतून लोटून घेतलं. किती वेळ थांबले माहीत नाही, फार नसेन. बाहेर आले तर आबा ओट्यावर उभे होते.

त्यांनी विचारलं, त्या लोकांनी काय विचारलंय. मी सांगितलं, कोंडलं होतं का, कुणी, किती दिवस, आणि परत आला तर काय होईल.

त्यांनी पायात चपला घातल्या आणि उसात गेले. मी निघाले तरी परतले नव्हते.

वकीलबाईंना घरच्या कुणाचा तरी सहीचा जबाब हवाय. त्या म्हणतात, नुसता तुझा शब्द पुरत नाही. मी लिहीन हे मी त्यांना कळवलंय. पण मी त्या वेळी तिथं नव्हते, मी जे लिहीन ते ऐकीव ठरेल, असं त्यांचं उत्तर आलं.

ताई


मिरज
२ जुलै

धवल,

हे पत्र मिरजेतून लिहितेय, एका इस्पितळाच्या आवारात बाकावर बसून. सोनम इथं नर्स आहे. तुला माहीत होतं का? ड्यूटी संपल्यावर ती आली आणि आम्ही इथंच बोललो.

वकीलबाईंनी मला विचारायला सांगितलं होतं की तिलाही कुठं डांबून ठेवलं होतं का. मी तिला तसंच विचारलं. ती म्हणाली, "ताई, मला कुणी कोंडलं नाही. मला चालवलं."

तिच्या वडिलांनी, धुळा अण्णांनी, तिचा फोन काढून घेतला आणि चुलत्याच्या मेंढरांबरोबर तिला लावून दिलं. दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणात जातात, तशी ती गेली. पुढं चुलता, मागं चुलती, मध्ये मेंढरं आणि ही. रोज नवं रान, रोज नवा तळ. रात्री मेंढरांभोवती जाळं बांधायचे, हिच्याभोवती काहीच नाही. ती म्हणाली, पळायला सगळीकडून मोकळं होतं, पण कुठल्या गावाला आहे हेच कळायचं नाही. वाटा त्यांच्या होत्या. उन्हाळ्यात परत आल्यावर आजीनं, रंगूबाईनं, हट्ट धरला की पोरीला शिकू द्या, नाहीतर मी अन्न सोडते. तेव्हा कुठं ती नर्सिंगला आली.

मी तिथं बसून याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत होते. जेल नाही, सेल नाही, कस्टडी नाही, कॅम्प म्हटलं तर सहल वाटते. जबाबात काय लिहायचं? पण तिनंच तो प्रश्न मिटवला. माझं नाव त्या कागदात घालू नका, म्हणाली. तिचे चुलते आता कुठं शांत झालेत, तिला इथं कामावर मान आहे, तिला ते पुन्हा उकरायचं नाही. मी शब्द दिला. तूही तुझ्या वकीलबाईंना सांग.

ती तुझी वाट बघत नाही. हे मी लपवणार नाही. पण निघताना तिनं विचारलं की तू झोपतोस का. मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, तू इथनं गेलास ते बरं केलंस. आता तिथं कुढत बसू नको."

ताई


५ जुलै

आज अकरावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, कोंडवाड्याला इंग्रजीत काय म्हणतात? मी फळ्यावर 'पौंड' लिहिलं. वर्ग हसला. माझ्याच्यानं पुढचा तास शिकवला गेला नाही, वाचन करायला लावलं आणि खिडकीपाशी उभी राहिले. तू तिकडे पौंड कमवायला गेलास असं आई गावात सांगते. बाकी काही नाही, एवढंच लिहायचं होतं.


विश्रामबाग
९ जुलै

धवल,

आबा आज माझ्याकडे आले होते. एकटे, एसटीनं. आधी कळवलं नव्हतं. दार उघडलं तर इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभे. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लिही. जबाब माजा लिही. तिथं मी हुतो."

त्याच्या आधी सकाळी आईचा फोन येऊन गेला होता. तिनं विचारलं होतं की कागद दिला नाही तर काय होईल. मी सांगितलं, मग बहुतेक त्याला विमानात बसवून परत पाठवतील. ती म्हणाली, "मग पाठवू द्यात की. नका लिवू काय. आपसूक घरी येतोय पोरगा." मी तिला समजावलं, की तुला असायलम मिळालं तर तू सुटशील, पण मग तुला इथं येता येणार नाही. ज्या जागेपासून आश्रय मागितला तिथं परत गेलं तर आश्रय राहत नाही. तिनं ऐकून फोन ठेवला. तिला वाटत होतं, आम्ही नुसतं गप्प बसलो तरी तू दारात उभा राहशील. आणि खरंच तसंच होतं.

मी आबांनाही हे सांगितलं. ते म्हणाले, "ठावं हाय मला. त्याला हितं यायचं असतं तर त्यानं आश्रा मागितला असता व्हय?"

मी माझा कच्चा मसुदा वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं की तुला एका खोलीत 'केप्ट' केलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ विचारला. ठेवलं, म्हटलं. ते म्हणाले, "ठिवलं म्हंजे? ट्रंक ठिवत्यात. दुसरा घाल."

मी 'कन्फाइन्ड' म्हटलं. तो त्यांना माहीत होता. फौजेत सुट्टी बंद केली की बॅरेकला कन्फाइन म्हणायचे, त्यात माणूस हिंडतो फिरतो, पत्ते खेळतो. तो नको. 'डिटेन्ड' नको, कारण तू आता तिथं डिटेन आहेस, दोन्हीकडं एकच शब्द बरा दिसत नाही, म्हणाले. 'लॉक्ड' म्हटलं तर म्हणाले, दार लॉक असतं, माणसाचं सांग. शेवटी मी 'इम्प्रिझन्ड' म्हटलं आणि अर्थ सांगितला, कैदेत टाकलं. हा फार मोठा शब्द आहे आबा, असंही म्हटलं.

ते म्हणाले, "जवान क्वार्टर गार्डच्या कोठडीत घातला तर त्याला सांगत्यात, तू इतकं दिवस आत. म्या त्याला तेबी सांगितलं न्हाई. रोज इचारायचा. त्योच शब्द घाल."

मी घातला.

पुढं त्यांनी सोनमच्या चुलत्यांचं सांगितलं. सोनमचं नाव नको, असं मी म्हटलं. त्यांनी मान्य केलं. मग म्हणाले, आता लिही की पोरगा त्याच हट्टानं परत आला तर मी त्याला परत कोंडीन. मी लेखणी खाली ठेवली. विचारलं, खरंच कोंडाल, आबा? त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "लिही," म्हणाले. धवल, ते खोटं आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. खरं आहे असंही नाही. तुला सोडवण्यासाठी ते असं म्हणाले, की अजून त्यांच्या मनात ते आहे, हे मला ओळखता आलं नाही. मी लिहिलं. नोटरीसमोर सही करायच्या आधी आबांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा मराठीत वाचून दाखवायला लावलं.

आणि एक गोष्ट. ते म्हणाले, "किल्ली माज्याकडं हुती, ते घाल."

मी म्हटलं, आई म्हणते तिच्याकडे होती.

"तुला इंग्रजी कळतंय, मला घरातलं कळतंय. किल्ली माज्याकडं हुती. घाल."

मी घातलं. शपथेवर खोटं घातलं. कागद आजच वकीलबाईंना पाठवलाय. आबांना मी स्टँडवर सोडून आले. बस हलेपर्यंत ते खिडकीतून समोर बघत होते.

ताई


विश्रामबाग
३० ऑगस्ट

धवल,

तुला जामीन मिळाल्याचं आज कळलं. वकीलबाईंनी सांगितलं की एका संस्थेनं तुला राहायला खोली दिलीय, आठवड्याला जाऊन हजेरी लावायची, काम करायचं नाही, निकाल यायला वेळ लागेल. त्या म्हणाल्या, खोलीची किल्ली तुझ्याच हातात दिली आहे. त्या सहज म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांचा जबाब फार उपयोगी पडला. वडिलांचा आणि मुलाचा, दोन्ही जबाब एकमेकांशी जुळतात, अगदी बारीक तपशिलात. किल्ली वडिलांकडे असायची, हेसुद्धा दोघांनी तसंच लिहिलंय.

मी "यस" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तू ते आधीच लिहून दिलं होतंस, मे महिन्यात. आबांच्या कागदाचा पत्ताही नव्हता तेव्हा. जो माणूस चार वर्षं घरातल्या एकाशीही बोलला नाही, त्यानं परक्या देशात, परक्या माणसासमोर, आईच्या कमरेची किल्ली काढून आबांच्या खिशात घातली. मी दिवसभर हेच घेऊन बसले आहे.

संध्याकाळी आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "त्यानं तसं लिवलंय?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. मग मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला आणि फोन तसाच चालू राहिला.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तू आता बाहेर आहेस. फोन कर असं मी म्हणणार नाही. पण माझा तो आवाज कशासाठी होता ते तुला कळलंय ना, एवढं वकीलबाईंकडून तरी कळव.

ताई


विश्रामबाग
१४ ऑक्टोबर २०२५

धवल,

गेल्या आठवड्यात तुझा आवाज ऐकला. "ताई, मिळालं," एवढंच बोललास. जे फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते. आता ही सवयच झाली म्हण.

मी त्याच दिवशी कुंडलला गेले. असायलम मिळालं, तू तिथं राहू शकतोस, नोकरी करू शकतोस, हे आबांना ओट्यावरच सांगितलं. ते म्हणाले, "सुटला म्हन की." आतून आईनं ऐकलं. ती हात पुसत बाहेर आली आणि तिनं विचारलं, "मग कवा येतोय?"

आबांनी मान खाली घातली. सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं की आता येता येणार नाही. तिला हे मागच्या वर्षी फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हा तिनं ते कानाआड केलं असावं. ती म्हणाली, "असं त्यात काय लिवलंया, ज्यानं पोरगं घरी येत न्हाई? मला वाचून दाव."

आबा नको म्हणाले. ती खाली बसली आणि म्हणाली, वाच.

तुझा जबाब वकीलबाईंनी तुला विचारून मला पाठवला होता. मी दोन्ही जबाब वाचले, इंग्रजीतून मराठी करत. आधी तुझा, मग आबांचा. तुझ्यात तू लिहिलंयस की दिवाळीच्या पहाटे तू हाका मारत होतास आणि बाहेर आई उटणं वाटत होती, ते तुला ऐकू येत होतं. ते मी गाळणार होते. नाही गाळलं. किल्लीचं वाक्य आलं तेव्हा तिनं मला थांबवलं. आबांच्या जबाबात ते पुन्हा आलं तेव्हा तिनं आबांकडे बघितलं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "दोगांनीबी खोटं लिवलं." आबा म्हणाले, असू दे. ती म्हणाली, "असू दे कसं? माज्यासाटनं लिवलं न्हवं?"

त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. मीच भात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर सांगलीला आली. कपडे पिशवीत भरून, आबांना न विचारता. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, तो येऊ शकत नाही, पण मला कुणी अडवलंय? पासपोर्ट कुठं काढतात ते सांग. मी तिला म्हटलं, आई, तिथला व्हिसा मिळेलच असं नाही, तुझ्यासारखीला तर अवघडच आहे. वकीलबाईंनी सांगितलंय की भारत सोडून दुसऱ्या कुठल्या देशात तुम्ही भेटू शकता, तेही पुढं कधीतरी, कागदपत्रं झाल्यावर. ती म्हणाली, कुठल्याबी देशात चालंल.

आज अर्ज भरून आलो. बोटांचे ठसे उमटेनात, कामानं झिजलीत. तिथल्या मुलीनं तिचे हात ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा पुन्हा काचेवर दाबले. फोटोसाठी डोक्यावरचा पदर खाली घ्यायला सांगितला तेव्हा आई अवघडली, पण घेतला. त्या मुलीनं बोलता बोलता विचारलं, मावशी, पोरगं असतं का परदेशात? आई म्हणाली, हो. किती वर्षं झाली भेटून? आई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, पाच.

घरी आल्यावर ती माझ्यापाशी बसली. तू पत्र लिहितेस ना त्याला, म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिनं जे सांगितलं ते तसंच लिहिते, माझा एक शब्द न घालता:

"त्याला इचार, मी आलेली चालंल का."

मी विचारलंय. उत्तर मला कळवू नकोस. तिचा फोन कुंडललाच राहिला, म्हणून मी तिला काल दुसरा साधा घेऊन दिलाय, त्याचं उचलायचं हिरवं बटण दाखवलंय. नंबर तुला वेगळा पाठवलाय. ती पहाटे उठते, तेव्हा तुमच्याकडे रात्र असते, पण ती दिवसभर फोन पदराच्या गाठीत ठेवून बसलीय, म्हणून तुला जमेल त्या वेळी कर.

ताई